किक आणि बेस यांचे सहजीवन : होतकरू डीजेंसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये क्रॅक मारलेले सॉफ्टवेअर आणि डोक्यात येत्या हंगामातल्या हळदी आहेत, अशा सर्व तरुणांच्या हितार्थ ही मार्गदर्शिका लिहिली आहे. आमच्या भाच्यासाठी लिहिलेली नाही. तो वाचत नाही.

कलम १. किकचा आवाज वाढवू नये.

कलम २. बेसचाही वाढवू नये. ‘मग करायचं काय?’ असे वाटल्यास पुढे वाचावे. भाचा इथेच थांबतो, दोन्ही फेडर लाल दिवा लागेपर्यंत वर ढकलतो आणि ‘मामा, ठोका लागत नाहीये’ म्हणत माझ्याकडे येतो. कसा लागेल?

कलम ३. भांडणाचे मूळ ओळखावे. किकचा पाया साधारण ५० ते ६० हर्ट्झला असतो आणि बेसचा मुक्कामही तिथेच. एका मोरीत दोघे एकाच वेळी आंघोळीला शिरले, तर जे व्हायचे तेच होते. म्हणून तळ कोणाचा, हे आधी ठरवावे. किकचा असेल, तर बेसला तिथे इक्यूने थोडा कापून वरच्या अंगाला मोकळा सोडावा. ८०८ची लांब शेपटीची किक घेतली असेल, तर तीच बेसचे काम करते. तिच्याखाली निराळा बेस लागत नाही. भाचा ८०८खाली बेस घालतो, बेसखाली सब घालतो, आणि मग ‘घुमतंय का असं?’ म्हणून विचारतो.

कलम ४. किकला सूर असतो. तबलजी हातोडी घेऊन गाण्याच्या पट्टीत तबला लावतो, तेव्हा कोणी हसत नाही. किक सुरात लाव म्हटले की मात्र सगळे हसतात. गाणे काळी चारमध्ये, म्हणजे तळाला ५२ हर्ट्झच्या आसपास, आणि किकची शेपटी पांढरी पाचमध्ये, ४९वर, अशी जोडी जमली की दोन्ही मिळून सेकंदाला तीनदा थरथरतात. लोकांना वाटते स्पीकर फाटला. मग साउंडवाल्याला शिव्या बसतात.

कलम ५. साइडचेन लावावा. किक पडताच कॉम्प्रेसरने बेस दाबावा आणि किक सरताच सोडावा. १२८च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये ४६९ मिलिसेकंद असतात. रिलीज त्याहून लांब ठेवला, तर बेसला डोके वर काढायला फुरसतच मिळत नाही. दीडशे-दोनशेपासून सुरुवात करावी आणि पुढचे कानाने ठरवावे.

कलम ६. शून्यावर तिरकी रेघ असलेले बटण एकदा दाबून बघावे. किकची लाट वर जाताना बेसची खाली जात असेल, तर दोघे एकमेकांना खातात. ज्या बाजूला ठोका भरीव वाटेल, त्या बाजूला बटण ठेवावे. पैसे पडत नाहीत.

कलम ७. शंभर हर्ट्झच्या खाली सगळे मोनो. टेम्पोवरच्या स्पीकरच्या भिंतीला डावे-उजवे नसते.

कलम ८. खोली. दहा बाय दहाच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या सुमारास आवाज भिंतींशी फुगतो आणि मधोमध गायब होतो. म्हणजे नेमका आपल्या कामाचाच भाग. भाच्याने टेबल बरोबर मध्यावर मांडले आहे. तिथे त्याला बेस ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो. तिकडे स्वयंपाकघरात ताईच्या मांडणीवरच्या वाट्या वाजू लागतात. वास्तविक मिक्स तपासायला शेजारच्या खोलीसारखी जागा नाही. ताईला विचारावे. ती कधी चुकत नाही. फक्त तिचा शेरा छापण्यासारखा नसतो.

कलम ९. मोबाइलच्या स्पीकरला ५५ हर्ट्झ झेपत नाही. बेसला थोडे सॅच्युरेशन दिले की ११० आणि १६५चे सूर उमटतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवाल्यांनी हे कलम पाठ करावे.

कलम १०. पूर्वसुरींना ऐकावे. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. शिकागोचे अ‍ॅसिड हाउस गाजायच्या आधीची ही गोष्ट. ८०८ची किक खाली, ३०३चा बेस तिच्या वर चरचरत. कुणी कुणाच्या पायात येत नाही. भाच्याला अख्खा भैरव ऐकवला. ‘मामा, ड्रॉप कुठंय?’

कलम ११. रिमिक्समध्ये स्वतःचे नाव एकदाच घ्यावे. दर कडव्याला घेऊ नये. नवरीचेसुद्धा इतक्यांदा घेत नाहीत.

आता एक मान्य करायला हवे. परवा भाच्याने एक किक ऐकवली. ढोलावर टिपरू पडते त्याचा नुसता ‘टक्’ कापून त्याने किकच्या तोंडाशी चिकटवला होता. तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा तो टोकदार आवाज. त्याने बेसच्या गर्दीतूनही किक कानाला सापडत होती, आणि फेडर जागचा हललेला नव्हता. हे त्याला कोणी शिकवलेले नाही, मी तर नाहीच. पोरगा कानाचा आहे. मी ‘वा!’ म्हणालो, आणि त्याने खुशीत सहा डेसिबल वाढवले.

कलम १२. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर हेडफोन लावावेत, आणि ते लावून टेबलावर ठेका धरू नये. खाली माणसे राहतात.