समावेशनाच्या प्रशिक्षण-नियोजकांस अनावृत पत्र

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार. समावेशित शिक्षणासाठी शिक्षक 'सज्ज' करण्याची आपली पद्धत पाहून धन्य वाटते. शेकडो शिक्षक एका सभागृहात बसवायचे, 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी पडद्यावर भराभर सरकवायची, जेवणानंतरच्या तासात श्रवणदोष आणि स्वमग्नता एकदमच उरकायची आणि संध्याकाळी सह्या घेऊन प्रमाणपत्रे वाटायची. प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकते, हे तत्त्व सर्वांना एकाच गतीने ऐकवण्याचे धाडस आपणच करू जाणे. मागच्या रांगेला पडदा दिसत नाही, ही तक्रार तर मनावरच घेऊ नये. तेवढाच अल्पदृष्टीचा अनुभव.

अडचण एवढीच, की कायदा हटवादी आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 1995 च्या कायद्यातील 7 प्रकारांचे 21 केले, तशी आपली यादीही लांबली. पण त्याच कायद्याचे 16 वे कलम शाळेला सांगते, की विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यात त्यानुसार बदल करा. आता तिसरीतले मूल वाचताना अडखळते, अक्षरे गाळते. कारण काय? नजर अधू असेल, सराव कमी पडला असेल, घरी कोरकू किंवा पावरी आणि शाळेत मराठी असेल, नाहीतर खरोखरच वाचन-अक्षमता असेल. हा निवाडा यादी पाठ असून होत नाही. काही आठवडे वह्या पाहाव्या लागतात, वाचन ऐकावे लागते, एकेक शक्यता बाद करावी लागते आणि त्या काळात जाणकार माणूस शिक्षकाच्या शेजारी, त्याच्याच वर्गात असावा लागतो. शिक्षकाची तयारी होते ती तिथे.

आपण म्हणाल, इतकी माणसे आणायची कुठून? प्रश्न रास्त आहे, पण तो सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेला आहे. 2021 मध्ये न्यायालयाने विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे विशेष शिक्षकाचे प्रमाण प्राथमिकला 1:10, तर त्यापुढे 1:15 ठरवून दिले. तेव्हा तुटवडा आहे तो मंजूर पदांचा. तो कार्यशाळांनी कसा भरून निघेल? मग सगळे विशेष शिक्षकावरच सोपवावे, असेही कोणी सुचवील. पण तो काही तास येणार. उरलेला दिवस ते मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. आणि बाकीच्या मुलांच्या नुकसानीची काळजी वाटत असेल, तर फळ्यावरचे मोठ्याने वाचणे, सूचना सुट्या करून देणे, उत्तराला जरा वेळ देणे, यांनी कोणत्या मुलाचे वाईट झाले?

तेव्हा एक छोटी विनंती. अहवालात 'प्रशिक्षित शिक्षकांची संख्या' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढावा: 'कोणत्या मुलासाठी शिकवण्यात काय बदलले'. तो सभागृहात बसून भरता येणार नाही, वर्गात जावे लागेल. तेवढी तसदी घ्यावी आणि प्रमाणपत्र त्यानंतरच द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता