घरच्या घरी खोगीरभरती

चामड्याची उंची पर्स हाताने शिवायला बायकोच्या वाढदिवसाला दीड महिना असताना बसावं. त्या वाढदिवसाला ती होत नाही, पण पुढच्यापर्यंत बरीचशी होते.

नमुना म्हणून थेट ‘बर्किन’च घ्यावी. नापासच व्हायचं तर मोठ्या परीक्षेत व्हावं. एर्मेस ही पॅरिसची पेढी १८३७ साली घोड्यांचा साज बनवायला निघाली. पुढे शतक-दीड शतकाने तिचे प्रमुख झाँ-लुई द्यूमा लंडनच्या विमानात जेन बर्किन या नटीशेजारी बसले आणि बाईंचा सगळा पसारा खाली सांडला. तान्ह्या मुलाच्या आईचं सामान मावेल अशी पिशवीच कुठे मिळत नाही, ही तिची तक्रार. विमानात उलटीसाठी ठेवतात त्या पिशवीवर तिने तिथल्या तिथे आराखडा काढला, असं ती सांगायची. १९८४ साली पर्स आली. बाईंनी स्वतः वापरून वापरून मळवलेल्या पहिल्या पर्सला २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरो मिळाले. तेव्हा आराखड्याच्या कागदाची फार चिंता करू नये. आम्ही साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला.

चामड्यासाठी डोंबिवलीहून लोकलने सायन आणि तिथून धारावी. दुकानदार विचारतो, “व्हेज की क्रोम?” ‘व्हेज’ ऐकून शाकाहारी मंडळींनी हुरळून जाऊ नये, म्हैस ती म्हैसच. व्हेज म्हणजे झाडपाल्याने कमावलेलं. आपल्या कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरतं, तसं. क्रोमचं काम रसायनांनी झटपट उरकतं, पण त्याची कड घासून चकाकत नाही. आपण व्हेज घ्यावं आणि जाणत्यासारखा वास घेऊन मान हलवावी.

चामडं चौरस फुटावर विकतात, मात्र म्हैस चौकोनी नसते. बंद नेहमी पाठीच्या भागातून कापावेत. पोटाचं कातडं ताणतं आणि लोंबतं, हे चाळिशी उलटलेल्यांना वेगळं सांगायला नको. कापायला चांभाराची रापी हवी. विळीवर प्रयत्न करू नये. केल्यास विळी लगेच धुऊन जागेवर ठेवावी.

भोकांच्या खुणा काट्याच्या चमच्याने होतात. हे मी चेष्टेने सांगत नाही, अंतर खरंच सारखं येतं. ठोकायला लाकडी हातोडा घ्यावा आणि दुपारी एक ते चार तो हातात धरू नये. खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

आता शिलाई. घोडं पेंड खातं ते इथे, आणि या कामात तर खोगीर शिवतात तीच शिलाई वापरायची आहे. दोरा एक, सुया दोन, दोन्ही टोकांना. शिवणीच्या चौपट दोरा घेऊन त्याला मधमाशीचं मेण चोळावं. प्रत्येक भोकातून आधी डावी सुई, मग त्याच भोकातून उजवी, मग दोन्ही हात फाकवून ओढायचं. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचेही सुटायला लागतात. इथे एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. घोडेस्वाराच्या जिवाचा प्रश्न असल्याने ही काळजी योग्यच. आमच्या पर्समध्ये रिक्षाचे सुट्टे पैसे राहणार होते.

दोन्ही हात गुंतलेले, तर चामडं कोण धरणार? त्यासाठी कारागिरांकडे मांड्यांत दाबायचा लाकडी चिमटा असतो. घरी दोन पोळपाट गुडघ्यांत आवळून धरावेत. दुसरा पोळपाट शेजारून आणावा, कारण सांगू नये. एका शिवणीला ऐंशी भोकं. चाळिसाव्या भोकाला बेल वाजते. उठता येत नाही. “दार उघडंच आहे,” असं ओरडावं; ते तसं नसतं.

डावी आधी हे एकदा ठरलं की जन्मात बदलू नये. मी फोनमुळे बदललं. तिथून पुढे टाके उलटे झुकले, जणू अर्ध्या पर्सला वारा लागलाय.

कडेबद्दल फार बोलत नाही. पाणी लावून गुळगुळीत लाकडाने घासत बसायचं. लाटणं चालतं, पोळ्यांना नंतर जरा वास येतो.

पर्स पुढच्या वाढदिवसाला दिली. “अय्या, स्वतः केलीस?” झालं. चौथ्या दिवशी फलाटावर एक बंद निघाला. दुसऱ्याचंही मन लागत नव्हतं.

स्टेशनच्या पुलाखाली बसतात त्या काकांकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, आत बोट फिरवलं. “कुणी शिवली?”

“घरीच.”

“हं.”

त्यांनी खुणा केल्या नाहीत. चमचा नाही, पोळपाट नाही. पर्स पायाच्या अंगठ्याखाली दाबली. आकड्याची आरी आत गेली, दोरा घेऊन वर आली, फासातून दुसरं टोक गेलं, हिसका. पुन्हा. मध्येच एका बाईंची सँडल बघून “तळ गेलाय, उद्या या,” म्हणाले. हात थांबला नव्हता. समोरच्या टपरीवर मी घेतलेला चहा संपायच्या आत दोन्ही बंद बसले, टाके एका रेषेत.

“किती झाले काका?”

“साठ द्या साहेब.”

हातशिलाईला पॅरिसात काय मोजतात, ते मला तोंडपाठ होतं.

“पन्नास घ्या ना,” मी म्हणालो.