समोरच्यांकडे ऑडिशन

अहो वहिनी, ते कपडे नंतर वाळत घाला, आधी इकडे या जरा. ऐकलंत का समोरच्यांचं? अहो, परवा दुपारी माईंच्या माडीवरून ओरडणं नाही का आलं, "हे मूल तुझंच आहे राहुल, तुझंच!" मी पोळी तव्यावर तशीच टाकून खिडकीत. म्हटलं, या वयात माईंना झालं तरी काय? आणि हा राहुल कोण?

तर ती होती सेल्फ टेप. म्हणजे ऑडिशन घरूनच रेकॉर्ड करून पाठवायची. माईंचा धाकटा कोऱ्या भिंतीपुढे उभा, मोबाइल स्टँडला आडवा लावलेला, आणि समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी बाजूला उभं राहून म्हणायची. घरात दुसरं कोण? माई! त्यांनी नुसतं वाचायचं होतं, पण बाई अशा काही रंगल्या की धाकटा म्हणाला, "आई, ऑडिशन माझी आहे." एवढंसं तोंड झालं माईंचं. त्यांची भांडीवाली माझ्याकडेही येते ना, तिच्यादेखतच झालं सगळं.

आता हे वेड शिरलं कुठून, तर कॉलेजात. पुरुषोत्तम करंडक, ती एकांकिकांची स्पर्धा! 1963 पासून त्या भरत नाट्य मंदिरातून पुण्यातली किती पोरं अशी येडी होऊन घरी आली असतील, देव जाणे. ह्याने तर सगळी वर्षं लाइट्स केले. शेवटच्या वर्षी एक छोटंसं काम मिळालं, त्यावर टाळ्या पडल्या आणि झालं! कॅम्पसमधून लागलेली नोकरी सोडली. लेकाने नोकरी सोडली म्हणून नाना तीन दिवस जेवले नाहीत असं माई सांगतात. मी त्यांना कोपऱ्यावर मिसळ खाताना बघितलंय, पण जाऊ द्या.

मग ते अठरा हजारांचं... ते तर तुम्हाला ठाऊकच असेल. नाही? कमाल आहे! अहो, "आर्टिस्ट कार्ड"! कुणीतरी फोनवरून सांगितलं, कार्ड काढा, पोर्टफोलिओ आमच्याकडेच करा, मालिकेत डायरेक्ट सिलेक्शन. माईंनी ते लॅमिनेट केलेलं कार्ड हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर फिरवलं की हो! आणि नेमकी ह्यांची भाची आलेली. ती मुंबईला कास्टिंगवाल्यांकडे असिस्टंट. तिने कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि विचारते कशी, "माई, पैसे कुणाला दिलेत?" माईंची गुलाबदाणी हातातच राहिली. भाची म्हणाली, "ऑडिशनचे पैसे नसतात हो. कोऑर्डिनेटर असला तरी तो काम मिळाल्यावर मानधनातून कमिशन घेतो. आधीच मागितले की उठून यायचं." खोलीत अगदी चिडीचूप. त्यात त्या कडेच्या बंगल्यातल्या बाई, त्यांना कुठे राहवतंय, "अगं बाई, अठरा हजार!"

पण माईही हार जाणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत होती, तिला मिळालाच ना 'सैराट'?" त्यावर भाची म्हणाली, "तिला नागराज मंजुळे तिच्या गावातच भेटले, माई. बाकीच्यांना वर्सोव्याला आरामनगरात जाऊन उभं राहावं लागतं."

तर काय सांगत होते... हां, आरामनगर! गेले की बापलेक. नाना म्हणाले, पुन्हा फसायला नको, मी येतो. डेक्कन क्वीनने दादर, मग लोकलने अंधेरी, मग मेट्रो. तिथे म्हणे जुनी बैठी घरं, आत कास्टिंगची ऑफिसं, आणि बाहेर पोरांची ही गर्दी! जो तो कुंपणाशी तोंड करून वाक्यं पुटपुटतोय. दारातच सांगून टाकतात, "फिट" किंवा "नॉट फिट". चेहरा त्या कामाला बसतोय का, एवढंच बघतात आधी. अभिनयाचं नंतर! धाकटा सकाळपासून जाईल तिथे नॉट फिट. शेवटी एका ठिकाणी बँकेच्या जाहिरातीचं चाललं होतं. आतला मुलगा बाहेर आला, धाकट्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि नानांना म्हणाला, "अंकल, आप भी दे दो ना."

आणि नाना गेले हो! नाव सांगा, वय सांगा, उंची सांगा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा. नखं तपासायला मास्तर आल्यासारखे नानांनी दोन्ही हात पुढे केले म्हणे. मग पेन्शन जमा झाल्याचा मेसेज बघून गालात हसायचं होतं. त्यात नानांना कसला आलाय अभिनय? शुक्रवारी फोन आला. सिलेक्ट!

धाकट्याचा चेहरा मात्र... पेढे द्यायला तोच आला होता, पण मान वर केली नाही. मला वाईट वाटलं हो. भाचीने समजावलंय त्याला. हिरो व्हायला आलेली पोरं पैशाला पासरी, बाबा-आजोबांसाठीच शोधाशोध करावी लागते. तू प्रायोगिक नाटक धर, सुदर्शन रंगमंचावर प्रयोग कर, ललित कला केंद्राचा फॉर्म भर. भरतोय म्हणे. मला विचाराल तर, लाइट्सवाल्या पोराला स्टेजची जेवढी समज असते तेवढी त्या पुटपुटणाऱ्यांपैकी निम्म्यांना नसेल.

नानांचं मात्र काही विचारू नका! काल ह्यांना गेटाशी धरून सांगत होते, "'कोर्ट'मधले वीरा साथीदार कुठे नट होते? चळवळीतला माणूस! राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्या सिनेमाला." शूटिंग होईपर्यंत मिशीला कात्री लावायची नाही असा हुकूम आहे, त्यामुळे चहा गाळून पितायत मिशीतून. पैसे नव्वद दिवसांनी मिळणार हे कळलं तेव्हा तेवढे जरा उतरले. जन्मभर एक तारखेचा पगार घेतलेला माणूस तो! माई म्हणाल्या, "आधी माझे अठरा हजार वळते करा, मग काय ते स्टार व्हा."

तर मी काय म्हणत होते... जाताना भाची मला म्हणाली, "मामी, सासवासुद्धा लागतात हं, पन्नाशीच्या पुढच्या." मी म्हटलं, इश्श्य, काहीतरीच तुझं! ...वहिनी, तुमच्या मागच्या खोलीची भिंत अजून पांढरीच आहे ना? आणि सुनेची चार वाक्यं म्हणायला कुणीतरी लागेल. माईंना बोलावलं तर त्या मलाच खाऊन टाकतील. दुपारी हे झोपले की येते.