वाढत्या मापाचे बाबाजी

केशोरीची मिरची पारखावी तर बाबाजींनी. बाजारात ते देठ पाहतील, मिरची मोडून वास घेतील, बी किती आहे ते बघतील आणि म्हणतील, "यंदाची नोहे जी!" रोवणीत धानाच्या रोपांमधलं अंतर चुकलं, तर बांधावरूनच बायांना ऐकवतील. हाच माणूस नातवाच्या जोड्यांपाशी आला की सगळी पारख खुंटीला टांगतो.

"दोन नंबर मोठा दे."

"बाबाजी, सैल होईल ना."

"मंग? पोट्ट्याचा पाय का सरकारी पूल आहे, अर्ध्यात थांबाले? वाढन ना!"

नातू सोबत नसतोच. त्याच्या पायाच्या मापाची सुतळी असते. आईने सुतळीने पाय मापला तेव्हा एक बोट वाढवून गाठ मारली. बाबाजींनी वाटेत आणखी एक बोट सोडलं. दुकानात नेमका तो नंबर संपलेला, म्हणून त्याच्या वरचा आला. सरकारने 2023 मध्ये पहिली ते आठवीच्या पोरांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं, तेव्हाही बाबाजींनी गुरुजींना निरोप धाडला, "आमच्या पोट्ट्याचा नंबर वाढवून लिवजा!"

मग जोड्याच्या टोकात कापूस कोंबायचा. पोरगा टाच घसटत, बोटांनी जोडा धरून चालतो आणि शाळेच्या पायरीवर अडखळतो. जोडा पायाला बरोबर बसतो तोवर तळ फाटलेला असतो. असा जोडा धाकट्याला मिळतो, तोही थोरल्याच्या पायाच्या वळणाने झिजलेला.

बाबाजींना कोणीतरी मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. त्यांनी 4 ते 13 वर्षांची 2,300 मुलं तपासली आणि ती पाहणी 1992 मध्ये छापून आली. जोडे वापरणाऱ्यांत सपाट तळव्याची मुलं 8.6 टक्के निघाली, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8. त्यातही बंद जोडेवाल्यांत जास्त, चप्पलवाल्यांत कमी. बाबाजींचा चेहरा फुलला. "पाहा! म्हंजे जोडे घेऊच नोका!" पैसे वाचवणारं शास्त्र त्यांना एकदम पटतं.

तसं नाही बाबाजी. घरात, सारवलेल्या अंगणात पोर खुशाल अनवाणी खेळू द्या; पाय तिथेच घट्ट होतो. पण धानाच्या बांधीत साप-विंचू आहेत, काटे आहेत, ओल्या घाणेरड्या मातीतून कातडीत शिरणारे जंत आहेत. तिथे पायात काहीतरी हवंच. आणि तान्ह्या नातवाचा तळवा सपाट दिसला म्हणून घाबरूही नका. लहानपणी तिथे चरबीची गादी असते. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू दिसू लागते.

तेव्हा सुतळी घरी ठेवा आणि पोराला बाजारात न्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पायांवर उभं करा आणि मोठ्या पायाचं माप धरा. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. बोटं पसरायला रुंदी हवी, मागे टाच धरणारा पट्टा हवा, आणि तळ बोटं वाकतात तिथेच वाकायला हवा. हातात घेऊन वाकवून बघा, मिरचीसारखं मोडू नका. आणि दोन-तीन महिन्यांनी अंगठा पुन्हा चाचपून पाहा, बाबाजी. पाय वाढतो हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.