खुर्ची सुस्थितीत

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढता ओसरीकडे बघतो आणि आवाज एकदम खाली आणून विचारतो, "कोण आजारी आहे?" तीन व्हीलचेअर, चार वॉकर, दोन कमोड खुर्च्या, सलाईनचा स्टँड, घडी घातलेला एअर बेड आणि भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, एवढा ऐवज बघितल्यावर घरात निदान तिघं तरी शेवटच्या घटका मोजत असणार, असं कुणालाही वाटेल. मुलीला बघायला आलेली मंडळी तर पोहे न खाताच उठायच्या बेतात होती. घराण्यातच काहीतरी आहे, असा त्यांचा समज झाला. "हे आमच्या क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र," असं मी सांगितल्यावर मुलाचे वडील परत बसले, दोनदा पोहे घेतले आणि जाताना आपल्या आईसाठी एक वॉकर घेऊन गेले. स्थळ जमलं नाही. वॉकरही आला नाही.

मी क्लबचा खजिनदार. हिशेबात मी फार पक्का आहे असं नाही. माझी ओसरी मोठी आहे.

केंद्राचं रजिस्टर आमच्या हेडसरांनी आखून दिलंय. रकाने असे: तारीख, नेणाऱ्याचं नाव, रुग्णाचं नाव, आजार, वस्तू, अनामत, परतीची सही आणि शेवटी शेरा. शेऱ्यात दोनच गोष्टी लिहायच्या, अशी सरांची शिस्त: 'बरे झाले' किंवा 'वारले'. पास-नापासात हयात गेलेल्या माणसाला तिसरा पर्याय मान्य नसतो. एकदा एका आजीबाईंचा वॉकर परत आला, कारण नातजावयानं नवा आणून दिला होता. सरांनी बराच वेळ पेन दाताखाली धरलं आणि मग लिहिलं, 'बरे झाले'.

यातल्या बहुतेक वस्तू कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ आलेल्या आहेत आणि तसं त्यांच्यावर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलेलं आहे. व्हीलचेअरला स्मरणार्थ माणसं भराभर मिळतात, वॉकरलाही मिळतात. कमोड खुर्चीला मात्र अजून कुणाचे वडील मिळालेले नाहीत. त्या दोन्ही क्लबला स्वखर्चानं घ्याव्या लागल्या.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, तालुक्याचं. क्लब स्वतंत्र आहे, म्हणजे जगातल्या कुठल्याच साखळीत नाही. मोठ्या क्लबांची वर्गणी डॉलरात ठरते आणि आमच्या सभासदांना रुपयातली वर्गणीसुद्धा चार फोन झाल्याशिवाय आठवत नाही. पण चालीरीती आम्ही सगळ्यांच्या उचलल्यात. हेडसर दर पदग्रहणाला या मोठ्या क्लबांचा इतिहास सांगतात. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना जमवून रोटरी काढली. सभा आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत फिरायची म्हणून नाव रोटरी. पुढे १९१७ साली लायन्स निघाला, तोही शिकागोतूनच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकारानं. इथं सर चष्मा काढतात. "१८९३ साली स्वामी विवेकानंद शिकागोत बोलून आले. बंधुभगिनींनो, ते शिकागोच्या डोक्यात शिरायला बारा वर्षं लागली!" टाळ्या. हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलंय आणि अकराही वेळा टाळ्या वाजवल्यात, कारण त्यानंतर जेवण असतं.

आमच्याही सभा फिरत्या असतात. एकाच घरातल्या वहिनी लागोपाठ दोनदा सत्तावीस जणांचा चहा टाकत नाहीत. विम्याची परंपराही आम्ही सोडलेली नाही. सत्तावीसांत पाच विमा एजंट आहेत आणि सभेत ते उरलेल्या बावीस जणांकडे ज्या मायेनं बघतात, ती पाहून भरून येतं. रोटरीवाल्यांची चार प्रश्नांची कसोटी आहे, १९३२ साली हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी भांड्यांची एक बुडती कंपनी सावरताना केलेली: हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यानं सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. आम्ही ती जशीच्या तशी घेतली आणि पाचवा प्रश्न जोडला: जेवण कुणाकडे आहे?

लायन्समध्ये 'टेल ट्विस्टर' नावाचा एक पदाधिकारी असतो. सभेत हसतखेळत सभासदांना बारीकसारीक दंड करायचा आणि डबा भरायचा, हे त्याचं काम. हे पद आम्हाला फार आवडलं. हेडसरांनी त्याचं मराठी केलं 'पुच्छमर्दक'. आमचे पुच्छमर्दक दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे समोरच्याच्या वेदनेचं त्यांना काही वाटत नाही. बिल्ला नसेल तर दहा रुपये, सभेत मोबाईल वाजला तर वीस. पेपरात फोटो आला तर पन्नास. हा शेवटचा दंड लोक आनंदानं भरतात. आमच्या वकीलसाहेबांनी एकदा पाचशे आगाऊ भरून ठेवले होते.

मोठ्या क्लबांनी मोठी कामं वाटून घेतलीत. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी उभं राहायची हाक दिली, तेव्हापासून डोळे त्यांच्याकडे. रोटरीनं १९८५ पासून पोलिओ घेतला आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. आम्ही डास घेतले. दर श्रावणात धुराचं यंत्र आणून फवारतो. गावातले लोक खोकतात. डासांचा दाखला अजून निघालेला नाही.

नव्या अध्यक्षाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि बिचाऱ्याचा निम्मा उत्साह त्याच दिवशी संपतो. त्या दिवशी डॉक्टर दिन असतो, चार्टर्ड अकाउंटंटांचा दिवस असतो आणि वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिनही असतो. म्हणजे सकाळी झाड लावायचं, दुपारी सीए आणि संध्याकाळी डॉक्टर. आमच्या गावात सीए एकच आहेत. त्यांना शालींची इतकी सवय झालीय की ते खांदा पुढे करूनच दार उघडतात.

तर गेल्या वर्षी फाउलर कॉट घ्यायच्या ठरल्या. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर होणारी, दवाखान्यात असते तशी कॉट. मागणी खूप होती. एका रात्री दोनच्या सुमारास कडी वाजली. दारात शेजारच्या वाडीचा एक पोरगा, बाहेर टेम्पो चालू. "काका, म्हातारी झोपली की दम लागतोय. पाठ उचलणारा पलंग हाय का?" नव्हता. एअर बेड दिला, दोन उशा घरातल्या दिल्या. पंधरा दिवसांनी त्यानं तो धुऊन, नव्या धोतराच्या पानात गुंडाळून आणून दिला. वर पिशवीभर शेंगा. अनामत पाचशे परत देऊ लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पलंगाला." शेऱ्याच्या रकान्यात काय ते लिहिलं.

दोन कॉटना तीस हजार लागणार होते. आता तीस हजार कसे उभे करायचे? अध्यक्ष म्हणाले, "नाटक आणू!"

पुण्या-मुंबईचं नाटक कॉन्ट्रॅक्टवर आणणं म्हणजे तालुक्याच्या गावात लग्न काढण्यासारखंच आहे; फक्त इथे नवरामुलगा रात्री बारा वाजता पाकीट घेऊन बसमध्ये बसतो आणि सासर कायमचं सोडतो. अध्यक्षांनी रहस्यनाटक निवडलं. एकत्र कुटुंब, मोठा वाडा, त्यातल्या एकाचा खून होणार. कुणाचा आणि का, यावर सगळं नाटक उभं.

मग चार महिने आम्ही तिघंतिघं जाऊन प्रवेशिका 'फाडत' होतो. प्रवेशिका विकत नाहीत, फाडतात. दुकानात शिरायचं, पावसापाण्याचं बोलायचं, चहा येईपर्यंत विषय काढायचा नाही, आणि चहाचा घोट त्याच्या घशात असताना पुस्तक उघडायचं: "दोन फाडू का, शेठ?" शेठ विचारतात, "पास नाही का?" आमच्या गावात फुकट पास हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. तिकीट काढून येणाऱ्याला लोक विचारतात, "का हो, तुम्हाला कुणी ओळखत नाही का?" पहिल्या तीन रांगा मान्यवरांच्या, आणि मान्यवर घरच्या पाच जणांसह येतात.

स्मरणिकेच्या जाहिरातींचे शब्द मिळाले ६२,००० चे, पैसे आले ३८,५००. एका सराफांच्या जाहिरातीत 'अचूक वजन' मधला 'अ' छापताना गळला. त्यांच्या दुकानाच्या रस्त्यानं मी अजून जात नाही.

गावात नाट्यगृह नाही, म्हणून प्रयोग मंगल कार्यालयात. नेपथ्यातला वाड्याचा जिना रंगमंचावर मावेना, तेव्हा वरच्या मजल्यावरून येणारी पात्रं वधूपक्षाच्या खोलीतून येतील असं ठरलं. संध्याकाळी सहा वाजता नाटक कंपनीचे व्यवस्थापक घाम पुसत माझ्याकडे आले. "साहेब, नाटकातले आजोबा व्हीलचेअरवर असतात. आमची ट्रकमध्ये मोडली. इथं कुठं मिळेल?"

माझ्या आयुष्यात इतक्या आत्मविश्वासानं मी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. "कितवी हवी?" मी म्हटलं.

घाईत जी हाताला लागली ती किराणावाल्या शेठनी दिलेली. पाठीवर लाल अक्षरात: 'कै. आप्पांच्या स्मरणार्थ'. व्यवस्थापकांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शाल टाकू. शालींना तोटा नव्हता. दुसरी घंटा झाल्यावर अध्यक्षांनी देणगीदारांचे सत्कार सुरू केले आणि एकतीस नारळ संपल्याशिवाय तिसरी घंटा होऊ दिली नाही. आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट विंगेत खुर्चीवर बसून चक्क घोरत होते.

पडदा उघडला. आजोबा आले, छान टाळी मिळाली. पाचव्या मिनिटाला सुनेवर चिडून त्यांनी खुर्ची गर्रकन वळवली आणि शाल घसरली.

सभागृहात आधी शांतता, मग कुजबुज, मग खसखस. पहिल्या रांगेतले किराणावाले शेठ नकळत उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. त्यांचं बघून मागची रांग उभी राहिली. बिचाऱ्या नटाला वाटलं, या गावात प्रवेशालाच उभं राहून मानवंदना देतात. त्यांनी पुढचं वाक्य दुप्पट जोरात घेतलं आणि रंगात येऊन आणखी दोनदा पाठ फिरवली. रहस्य अर्थात तिथंच संपलं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दिवे गेले, किंकाळी झाली, दिवे आले आणि आजोबा खुर्चीत मान टाकून पडलेले. इन्स्पेक्टर म्हणाला, "हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं!" मागून एक आवाज आला, "पाठीवर लिवलंय की!"

पुढच्या सभेत मी हिशेब वाचला. प्रवेशिका १,४८,०००, जाहिराती ३८,५००, एकूण जमा १,८६,५००. खर्च: नाटक १,१०,०००, कार्यालय आणि जनरेटर २१,५००, छपाई आणि फ्लेक्स २९,३००, मंडळींचं राहणं-जेवण १२,४००, शाल-श्रीफळ ४,६५०, चहा व किरकोळ ३,३००. शिल्लक ५,३५०. कुणी काही बोललं नाही. मला गप्प बसवेना. "सत्तावीस सभासद आहेत," मी म्हटलं. "चार महिन्यांपूर्वी प्रत्येकानं दोनशे रुपये काढून दिले असते, तर आज पन्नास रुपये जास्त असते."

पुच्छमर्दकांनी मला सभेचा आनंद घालवल्याबद्दल शंभर रुपये दंड केला. शिल्लक ५,४५०.

तेवढ्यात किराणावाले शेठ खाकरले. "एक कॉट माझी लिहा. आईच्या नावानं." दातांच्या डॉक्टरांनी डब्यावरचा हात काढला आणि दुसरी स्वतःकडे घेतली. मी घड्याळ बघितलं: सात मिनिटं झाली नव्हती. मला राहवेना. "अहो शेठ, हेच आधी का नाही बोललात?"

शेठ माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले. "आधी कसं बोलणार? तेव्हा नाटक ठरलं होतं ना!"

आणखी एक विषय मी त्या सभेत काढला नव्हता. प्रयोगाच्या रात्री सामान भरताना आप्पांची खुर्ची ट्रकमध्ये गेली होती. फोन केला की व्यवस्थापक म्हणायचे, "साहेब, उद्या बार्शी, परवा लातूर, मग उदगीर. येताना टाकतो." तीन महिन्यांनी टाकली. तोवर शेठना कुठून तरी कळलं होतंच. मी चोरासारखा त्यांच्या दुकानात गेलो. ते गुळाची ढेप फोडत होते. "असू द्या हो," म्हणाले. "आप्पा उभ्या जन्मात पंढरपूरच्या पलीकडं गेले नाहीत. लातूर तरी बघून झालं."

नव्या कॉटवर त्यांनी आईचं नाव घातलंय, पण खालच्या बाजूला, रुग्णाला दिसणार नाही असं. त्यासाठी पेंटरला ओसरीवर उताणं झोपावं लागलं, आणि नेमके तेव्हा दुसरे पाहुणे मुलगी बघायला आले.

रजिस्टर मात्र हेडसरांनी स्वतः पूर्ण केलं. नेणाऱ्याचं नाव: नाटक कंपनी. रुग्णाचं नाव: आजोबा. अनामत: घेतली नाही (खजिनदारांचा निष्काळजीपणा). शेऱ्यापाशी येऊन त्यांनी पेन दाताखाली धरलं, मला विचारून खात्री करून घेतली आणि लिहिलं: 'दुसऱ्या अंकात वारले. खुर्ची सुस्थितीत.'