वळणदार अक्षराचा किडा

सिडनी,
१८ जानेवारी

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

इथली संक्रांत भर उन्हाळ्यात. तिळाचे लाडू वळले, ते दुपारपर्यंत वितळून ताटाला असे चिकटले की शेवटी ताटच फिरवलं आणि सगळ्यांनी खरवडून गोड बोलून घेतलं. बाकी क्षेम.

अण्णा, मागच्या पत्रात नातवाच्या अक्षराबद्दल तुम्ही लिहिलंत ना, ‘किडा शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं’, ते मी त्याला वाचून दाखवायला नको होतं. जन्मभर शाळेत सुलेखन शिकवलेल्या माणसाचं मत म्हणून दाखवलं. चिरंजीव रडले नाहीत की रुसले नाहीत. फक्त विचारलं, “कुठला किडा?” आणि तेव्हापासून आमच्या घराला कीड लागली आहे.

गेल्या रविवारी आम्ही कुरिंगगाय चेस नावाच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. (नावात गाय आहे म्हणून धाकटी दिवसभर गाय शोधत होती. आई, तिला तू फोनवर समजाव, माझं ऐकत नाही.) तिथल्या खडकाळ, वाळूमिश्रित, नापीक जमिनीत एक निलगिरी उभी असते. खोड चुना लावल्यासारखं पांढुरकं, गुळगुळीत, आणि त्यावर तपकिरी रेघोट्याच रेघोट्या. कुणी पेन चालतंय का ते बघितल्यासारख्या! इथे तिला ‘स्क्रिब्ली गम’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत गिचमिडी निलगिरी. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस हेमास्टोमा. हे नाव १७९७ साली जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी दिलं. फळाच्या तोंडाशी तांबूस कड असते म्हणून ‘रक्तमुखी’. तुमच्या जावयांना पत्रिकेतला रक्तमुखी नीलम तेवढा माहीत, त्यामुळे ते झाडापासून जरा लांबच बसले. लांब बसूनही उपयोग झाला नाही. या झाडाची पानं उभी लोंबतात, ऊन खालपर्यंत गळतं; सतरंजी सावलीमागे सरकवता सरकवता आम्ही पार गाडीपर्यंत आलो.

तर किडा. त्या रेघोट्या एका इवल्याशा पतंगाच्या अळीच्या आहेत. अळी सालीच्या आत, जुन्या आणि नव्या थराच्या मध्ये पोखरत जाते. आधी ऐसपैस वळणं घेते, मग बारीक नागमोडी जाते. पुढे एक अरुंद वळण मारून उलटी फिरते आणि आलेल्या रेघेला खेटून दुसरी रेघ ओढत येते. इथे चिरंजीवांनी मला थांबवलं. “आई, ती गिरवतेय!” अण्णा, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पोखरलेली जखम झाड मऊ, पौष्टिक पेशींनी भरून काढतं. तोवर अळीला पाय नसतात. मग ती कात टाकते, पाय फुटतात आणि ती मागे वळून झाडाने भरलेली ती मलई खात खात आल्या वाटेने परत निघते. भराभर फुगते, सालीतून बाहेर पडते आणि बुंध्याशी कोष करते. थोड्याच दिवसांत वरची साल गळून पडते आणि खालचं लिखाण उघडं पडतं. म्हणजे लेखक निघून गेल्यावर पुस्तक प्रसिद्ध! चिरंजीवांची तक्रार वेगळीच आहे : “आजोबा दहा दहा वेळा गिरवायला लावतात, खायला काहीच देत नाहीत.” यावर आईने काय ते बघावं.

अण्णा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. या पतंगाला शास्त्रीय नाव मिळालं १९३५ साली, पण वेगवेगळ्या झाडांवरची अक्षरं एकाच हातची नाहीत, हे नीट उलगडायला २०१२ उजाडलं. तेव्हा एकदम अकरा नव्या जाती नोंदल्या गेल्या. त्या कामात मॅक्स डे नावाचे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ होते, वय नव्वदीच्या पुढे. तेव्हा ‘आता या वयात काय करायचं’ हे पालुपद पुढच्या फोनवर चालणार नाही.

आणि वाद नको म्हणून सांगते, निलगिरी आपली नाही. तुम्ही मुलांना ठामपणे सांगितलंत की झाडाचं नावच निलगिरी, म्हणजे ते दक्षिणेतलं. मूळ घर इथलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी निलगिरी पर्वतात लावली आणि आपण पर्वताचं नाव झाडाला चिकटवलं. आपल्या बांधावरच्या झाडाला तुम्ही ‘पाणी पिणारं’ म्हणून शिव्या देता, ते इथल्याच भाऊबंदांपैकी. पान चुरगळलं की मात्र सर्दीतला तुमचा रुमाल आठवतो. अजून एक, इथे वणवे लागतात तेव्हा वरचं सगळं जळालं तरी हे झाड पुन्हा फुटतं. बुंध्याशी, मातीत एक गाठ असते, तिच्यात कोंब लपवलेले असतात. आईच्या डाळीच्या डब्यातल्या नोटांसारखे.

सोबत चिरंजीवांनी खोडावरून वहीत उतरवलेल्या रेघांचा कागद आहे. साल तोडून आणायची त्यांची इच्छा होती, उद्यानात ती चालत नाही. तुमच्या ओळखीच्या मोडी वाचकांना दाखवा, एखादी जमिनीची सनद निघाली तर बरंच.

पत्राच्या खाली चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने तुम्हाला चार ओळी लिहिल्या आहेत. आम्हा दोघांनाही लागल्या नाहीत, आणि ते स्वतःही आता नक्की सांगत नाहीत. तुम्हाला लागल्या तर रविवारी फोनवर वाचून दाखवा.

तुमची,
ताई