अधिक एक

निवृत्तीनंतर आमच्या बँकेतल्या एकाने बासरी धरली, दुसरा भाकऱ्या थापायला शिकला. मी ब्लॅकजॅकचे पत्ते मोजायला शिकलो. त्याला कारण घडलं ते निवृत्तांच्या गोवा सहलीचं. कार्यक्रमपत्रिकेत मंगेशी आणि शांतादुर्गा यांच्याखाली 'रात्री मांडवीत जहाजावर' एवढाच मोघम मजकूर होता. त्यातला मोघमपणा कशासाठी आहे ते सगळ्यांना कळलं होतं, बायकांना तर सगळ्यात आधी.

पत्ते मोजायचे म्हणजे गेलेलं प्रत्येक पान ध्यानात ठेवायचं, असा माझा समज होता. तसं काही नसतं. दोनपासून सहापर्यंतचं पान दिसलं की मनातल्या आकड्यात एक मिळवायचा. दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की एक वजा. सात, आठ, नऊ यांच्याकडे दुर्लक्ष. बावन्न पानांत मिळवायची २०, वजा करायची २० आणि दुर्लक्षित १२, म्हणजे गड्डी संपली की बेरीज शून्यावर यायलाच हवी. छत्तीस वर्षं कॅश काउंटरवर काढलेल्या माणसाला यात अवघड काय वाटणार? जमा, नावे, आणि संध्याकाळी टॅली.

खेळही तसा पोराटोरांचा. एकवीसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, ओलांडलं की फुटलात. चित्राची पानं दहाची, एक्का एकचा नाहीतर अकराचा. तुमची लढत फक्त डीलरशी, आणि डीलरला स्वतःचं मत नसतं. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, सतरा झाले की थांबावं लागतं. वरून सर्क्युलर आल्यासारखा वागतो बिचारा. म्हणूनच लहान पानं निघून गेली आणि उरलेल्या गड्डीत दहाची पानं दाटली, की सोळावर अडकलेला डीलर फुटण्याची शक्यता वाढते. शिवाय पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा आले तर दोनास तीन या दराने पैसे मिळतात. ते त्यालाही येतात, पण तो फक्त तुम्ही लावलेलेच नेतो. मनातला आकडा चढला की पैज वाढवायची, उतरला की किमान रकमेवर गप्प बसायचं. सगळी विद्या एवढीच.

हे शोधणारी माणसं काही जुगारी नव्हती. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ॲबरडीनच्या लष्करी तळावर चार जणांनी टेबलावरच्या साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर बसून, कुठल्या हातावर पान घ्यावं आणि कुठल्यावर थांबावं याचं गणित मांडलं. ते एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाच्या हाती लागलं. त्याने एमआयटीतला आयबीएम ७०४ हा खोलीभर पसरलेला संगणक कामाला लावला आणि १९६२ मध्ये 'बीट द डीलर' हे पुस्तक काढलं. लास व्हेगासवाल्यांनी घाबरून १९६४ मध्ये नियम कडक केले, तर गिऱ्हाईकच फिरकेना, तेव्हा ते मुकाट्याने मागे घेतले. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. पुस्तक वाचून आलेल्यांपैकी बहुतेकांना धड मोजता येत नव्हतं. आपल्याला जमतंय असं वाटणारी माणसं कॅसिनोला हवीच असतात.

नफा किती, हे मी आधीच बघून ठेवलं होतं (सवय). नियमाने खेळलात तर कॅसिनो शंभरामागे साधारण अर्धा रुपया तुमच्याकडून नेतो. मोजून, न चुकता, तासन्‌तास खेळलात तर तो काटा उलटतो आणि शंभरामागे फार तर रुपयाभर तुमच्या बाजूला येतो. तोही आज नाही, उद्या नाही, हजारो डाव झाल्यावर. आमच्या बँकेची मुदत ठेव आयुष्यभर याहून बरं आमिष दाखवत आली होती.

तरीही सरावाला बसलो. घरातली पत्त्यांची जुनी गड्डी काढली, नियमाप्रमाणे दोन्ही जोकर बाजूला ठेवले आणि एकेक पान उलटायला लागलो. पूर्ण गड्डी अर्ध्या मिनिटात मोजून व्हावी म्हणतात. मला पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली आणि उत्तर आलं अधिक एक.

दुसऱ्या दिवशीही अधिक एक. आठवड्याने वेळ मिनिटावर आला, उत्तर तेच. सकाळी, दुपारी, चष्मा लावून, चष्मा पुसून, अधिक एक. दिवसभर डोक्यात बेरीज-वजाबाकी चाललेली. "अहो, कुकरच्या किती झाल्या?" असं हिने स्वयंपाकघरातून विचारलं आणि मी "उणे दोन" म्हणालो. त्या दिवशी डाळ कच्ची राहिली. शेवटी मी कॅशिअरचा मार्ग काढला. रोजचा फरक सारखाच येतोय ना? मग तो सस्पेन्स खात्यात टाकावा आणि पुढे चालावं.

मोजण्यापेक्षा अवघड असतं ते न मोजल्यासारखं दिसणं. डोक्यात मोजणं हा गुन्हा नाही, पण कॅसिनोला संशय आला तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सरळ दार दाखवतात. केन उस्टन नावाचा एक पट्टीचा मोजणारा वेषांतर करून खेळायला जायचा. तो कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ हुशारीने खेळतो म्हणून माणसाला हाकलता येणार नाही, असा निकाल दिला. मी आरशासमोर बेफिकीर चेहऱ्याचा सराव केला. ही म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

आपल्या महाराष्ट्राची कथा आणखी निराळी. इथे कॅसिनोचा कायदा १९७६ सालीच झाला, तो एकदाही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. कायदा होता, कॅसिनो नव्हता. म्हणून आपण मांडवीवरच्या कॅसिनोत जातो. स्थानिक गोमंतकीयांना तिथे खेळायला मनाई, त्यामुळे टेबलांभोवती कानावर येते ती मराठी थेट पुण्या-कोल्हापूरची.

जहाजावर मी बेफिकीर चेहरा करून ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभा राहिलो. पहिला डाव, अधिक तीन. छातीत धडधड. सस्पेन्सचा एक वजा करून अधिक दोन. खिशात हात घालतोय तोच डीलरने वापरलेली सगळी पानं गोळा केली आणि शेजारच्या काळ्या पेटीत सारली. पेटी आतल्या आत पत्ते पिसत होती. दर डावानंतर पानं परत पोटात, परत पिसणं. गड्डी कधी संपायचीच नाही, मग मोजायचं काय? थॉर्पच्या संगणकाला मिळालेलं हे उत्तर, साधारण मिक्सरच्या भांड्याएवढं. मी वर जेवायला गेलो. सोलकढी चांगली होती.

परत आल्यावर रविवारी शेजारचं जोडपं आलं आणि मेंढीकोट मांडला, त्यात मेंढी म्हणजे दहाचं पान. ही माझी भिडू. आठ हात झाले असतील, मी विचारात पडलो होतो, तर ही माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चौकटची मेंढी तुमच्याकडेच आहे, ठेवून काय लोणचं घालणार?"

"तुला कसं कळलं?"

"बाकीच्या तिन्ही गेल्या. आणि चौकट या दोघांकडे नाही, मघाशीच दिसलं की."

लहानपणापासून माजघरात आत्या-मावश्यांबरोबर बसून ही हेच करत आली होती. मी मेंढी टाकली, हात आमचा झाला. शेवटच्या हाताला तिने खाली टाकला एक जोकर. मी म्हटलं, "अगं, हा कुठून आला? जोकर काढलेत ना?"

तिने पान उचलून माझ्यासमोर धरलं. कोपऱ्यात बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं, कि. रा.

"किलवरचा राजा. दोन वर्षांमागे नातवाने त्याची होडी केली. तेव्हापासून हाच राजा. तुम्ही मोजायला बसलात की रोज त्यालाच बाजूला काढून ठेवत होता."